सूक्ष्मजंतुनिर्मित प्रथिनांतील अशुद्धी

सूक्ष्मजंतूंच्या कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) तयार करून घेतलेल्या प्रथिनाच्या नमुन्यात त्या प्रथिनाखेरीज जे अन्य पदार्थ राहून जातात, त्यांना अशुद्धी म्हणतात. अशा अशुद्धी ओळखणे, त्यांचे प्रमाण मोजणे व त्या काढून टाकणे हा जीवरसायनशास्त्राचा आणि औषधनिर्मितीचा एक महत्त्वाचा भाग आहे. ‘शुद्ध प्रथिन’ ही संज्ञा निरपेक्ष नाही. कपडे धुण्याच्या चूर्णात घालावयाच्या एंझाइमात (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनात) थोडी परकी प्रथिने असली, तरी चालते. रुग्णाच्या शिरेत द्यावयाच्या प्रथिनाबाबत मात्र ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीला ज्वर येण्यास सूक्ष्मजंतूंचे अंतर्विष एकूण सु. ३० नॅनोग्रॅम (१ नॅनोग्रॅम = ग्रॅमचा अब्जांश भाग) एवढेच पुरते. म्हणून नमुना किती शुद्ध आहे, या प्रश्नाला तो कशासाठी वापरावयाचा आहे आणि कोणती अशुद्धी शोधली गेली आहे, या दोन गोष्टी सांगितल्याखेरीज अर्थपूर्ण उत्तर देता येत नाही.

पार्श्वभूमी : पूर्वी औषधी प्रथिने प्राण्यांच्या वा मृत मानवांच्या ऊतकांपासून (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांपासून) मिळवीत असत. इन्शुलीन डुकरांच्या व गाईबैलांच्या अग्निपिंडांपासून, तर मानवी वृद्धी हॉर्मोन शवांच्या पोष ग्रंथींपासून काढीत. १९७८ मध्ये मानवी इन्शुलिनाच्या दोन शृंखला एश्चेरिकिया कोलाय (ई. कोलाय) या आतड्यात राहणाऱ्या सूक्ष्मजंतूकडून तयार करून घेण्यात यश आले आणि १९८२ मध्ये असे इन्शुलीन अमेरिकेत औषध म्हणून संमत झाले. १९८५ मध्ये शवांपासून मिळविलेले वृद्धी हॉर्मोन घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्सफेल्ट-याकोप हा मेंदूचा घातक रोग झाल्याचे आढळले. त्यामुळे त्या हॉर्मोनाचे वाटप अमेरिकेत थांबविण्यात आले आणि त्याच वर्षी सूक्ष्मजंतुनिर्मित वृद्धी हॉर्मोनास तेथे मान्यता मिळाली.

उगम बदलल्याने मानवी मेंदूतून येणारा धोका टळला, परंतु अशुद्धींचा प्रश्न संपला नाही. तिचे स्वरूप बदलले. सूक्ष्मजंतुनिर्मित वृद्धी हॉर्मोनाच्या आरंभीच्या नमुन्यांत ई. कोलायची काही प्रथिने शिल्लक राहत. ते हॉर्मोन घेणाऱ्या अनेक बालकांच्या रक्तात प्रतिपिंडे (परक्या पदार्थाविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिने) निर्माण झाल्याचे दिसून आले. शुद्धीकरणात सुधारणा केल्यावर हे प्रमाण घटले.

अशुद्धींचे प्रकार : ई. कोलायच्या एका नेहमीच्या वाणाच्या जीनसंचाचा संपूर्ण क्रम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिनांचे संकेत असलेली सु. ४,३०० जनुके आढळली. हव्या असलेल्या प्रथिनासाठी कोशिका फोडली, की या जनुकांपासून त्या वेळी तयार झालेली सर्व प्रथिने आणि कोशिकेतील इतर घटक विद्रावात एकत्र येतात. त्यांतून उद्‌भवणाऱ्या अशुद्धींचे पाच प्रमुख वर्ग पडतात.

(१) आश्रय देणाऱ्या कोशिकेची प्रथिने : यांत प्रथिनांचे विघटन करणारी एंझाइमे विशेष उपद्रवी असतात, कारण ती अत्यल्प प्रमाणात असली, तरी साठवणीच्या काळात मूळ प्रथिनाचे तुकडे करीत राहतात. दुसऱ्या प्रथिनांना योग्य घडी पडण्यास मदत करणारी साहाय्यक प्रथिने अर्धवट घडी पडलेल्या प्रथिनास चिकटून राहतात. डीएनए-के (रेणुभार सु. ७०,०००) व ग्रो-ईएल (एका उपघटकाचा रेणुभार सु. ६०,०००) ही अशी प्रथिने आहेत. (२) न्यूक्लिइक अम्ले : डीएनए व आरएनए यांच्या रेणूंवर ऋण विद्युत् भार असतो. त्यामुळे धन भार असलेल्या प्रथिनांना ती घट्ट धरून ठेवतात व विद्राव दाट आणि चिकट बनतो. (३) अंतर्विषे : ही ग्रॅम-ऋण सूक्ष्मजंतूंच्या बाह्य पटलातील मेद व बहुशर्करा यांची संयुगे (लिपोपॉलिसॅकॅराइडे) असतात. (४) मूळ प्रथिनाचीच विकृत रूपे : तुकडे झालेले, चुकीची घडी पडलेले, एकमेकांस चिकटून पुंजके झालेले अथवा एखाद्या ॲमिनो अम्लात रासायनिक बदल झालेले रेणू यात येतात. (५) प्रक्रियेत बाहेरून आलेले पदार्थ : प्रतिजैव औषधे, प्रक्षालके, लवणे, स्तंभातून सुटलेले निकेल इत्यादी.

ओळखण्याच्या पद्धती : यांपैकी प्रत्येक पद्धती रेणूच्या एखाद्याच गुणधर्मावर आधारलेली असल्याने ती एका प्रकारच्या अशुद्धी दाखविते व इतरांच्या बाबतीत आंधळी असते.

विद्युत् संचारण : ही सर्वांत प्रचलित पद्धती होय. उलरिख लेमली यांनी १९७० मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीत प्रथिने सोडियम डोडेसिल सल्फेट या प्रक्षालकाबरोबर तापवितात. त्यामुळे त्यांची घडी उलगडते आणि सर्व रेणूंना जवळजवळ सारख्या प्रमाणात ऋण भार मिळतो. नंतर पॉलिॲक्रिलअमाइडाच्या जेलीसारख्या पातळ थरातून विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने ती ओढली जातात. लहान रेणू पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि रंजकाने रंगविल्यावर पट्टे दिसतात. कुमासी ब्ल्यू या रंजकाने सु. ०·१ मायक्रोग्रॅम प्रथिनाचा पट्टा सहज दिसतो. १० मायक्रोग्रॅम नमुना घेतला असता, त्यात १ टक्क्याहून कमी असलेले परके प्रथिन या रीतीने निसटण्याचा संभव असतो. १९७९ मध्ये प्रचारात आलेल्या रौप्य रंजनाने काही नॅनोग्रॅम प्रथिनही दिसते. तथापि एकच रेणुभार असलेली दोन प्रथिने एकाच पट्ट्यात लपतात. तसेच कुमासी रंजकाने न्यूक्लिइक अम्ल वा अंतर्विष दिसत नाही. त्यामुळे जेलवर एकच ठसठशीत पट्टा दिसणे हा शुद्धतेचा पुरावा असला, तरी तो पुरेसा पुरावा नव्हे.

प्रकाशाचे शोषण : प्रथिने २८० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण शोषून घेतात, तर न्यूक्लिइक अम्ले २६० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण अधिक तीव्रतेने शोषतात. शुद्ध प्रथिनाच्या बाबतीत २६० व २८० नॅनोमीटर येथील शोषणांचे गुणोत्तर साधारणपणे ०·६ असते; शुद्ध डीएनएच्या बाबतीत ते १·८ भरते. थोडेसे न्यूक्लिइक अम्ल मिसळले, तरी पहिले गुणोत्तर झपाट्याने वाढते. म्हणून ही साधी चाचणी न्यूक्लिइक अम्लाचा सुगावा लागण्यास फार उपयोगी पडते. याउलट परके प्रथिन मिसळलेले असल्यास या चाचणीने काहीच कळत नाही.

प्रतिपिंडांवर आधारित पद्धती : प्रथिनाचे जनुक नसलेल्या त्याच वाणाच्या सूक्ष्मजंतूंची सर्व प्रथिने प्राण्यांना टोचून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे मिळवितात. या प्रतिपिंडांना एंझाइम जोडून रंगाच्या तीव्रतेवरून परक्या प्रथिनांचे प्रमाण काढतात. १९७१ मध्ये विकसित झालेल्या या तत्त्वावरील चाचणीने एका मिग्रॅ. प्रथिनामागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे दहा लाख भागांत काही भाग, इतकी अशुद्धी मोजता येते. मात्र ज्या परक्या प्रथिनाविरुद्ध त्या प्राण्यात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत, ते प्रथिन मोजणीतून सुटते. ही उणीव भरून काढण्यासाठी अलीकडे द्रव्यमान वर्णपटमापक वापरतात. त्यात प्रथिनांच्या तुकड्यांची द्रव्यमाने अचूक मोजून ती ज्ञात जीनसंचाशी ताडून पाहतात व प्रत्येक परके प्रथिन नावानिशी ओळखतात. चौथ्या वर्गातील विकृत रूपे ओळखण्यासही हे उपकरण उपयोगी पडते. पुंजक्यांचा शोध मात्र आकारमानानुसारी वर्णलेखनाने किंवा प्रकाशाच्या प्रकीर्णनाने (विखुरण्याने) घेतात.

काढून टाकण्याच्या पद्धती : अशुद्धी आणि मूळ प्रथिन यांच्या गुणधर्मांत जेथे फरक असेल, तेथेच त्यांना वेगळे करता येते. म्हणून एकाच तत्त्वावरील पद्धती पुनःपुन्हा वापरण्यापेक्षा भिन्न तत्त्वांवरील दोन-तीन पद्धती एकामागून एक वापरणे अधिक फलदायी ठरते.

उत्तम उपाय म्हणजे अशुद्धी निर्माणच होऊ न देणे. बीएल-२१ या बहुप्रचलित वाणात प्रथिनविघटक लॉन व ओम्प-टी ही दोन एंझाइमे नसतात. त्यामुळे प्रथिन अखंड राहण्याचा संभव वाढतो. कोशिका थंड स्थितीत व त्वरेने फोडल्या, तरीही विघटन कमी होते. काही प्रथिने कोशिकेत अविद्राव्य गोळ्यांच्या (समावेश पिंडांच्या) रूपात साचतात. हे गोळे केंद्रोत्सारकाने सहज वेगळे होऊन धुता येतात. त्यामुळे अर्धे शुद्धीकरण आपोआप होते, परंतु यूरियासारख्या पदार्थाने ते विरघळवून प्रथिनाला पुन्हा योग्य घडी पाडावी लागते आणि त्यात विकृत रूपे वाढण्याचा धोका असतो.

न्यूक्लिइक अम्ले दूर करण्यासाठी त्यांचे तुकडे करणारे एंझाइम घालतात अथवा पॉलिएथिलीन इमाइन या धन भारित बहुवारिकाने त्यांचा साका पाडतात. मिठाच्या तीव्र विद्रावात प्रथिन व न्यूक्लिइक अम्ल यांच्यातील विद्युत् आकर्षण क्षीण होते. म्हणून स्तंभावर धरलेले प्रथिन अशा विद्रावाने धुण्याचाही प्रघात आहे.

परकी प्रथिने दूर करण्याचे मुख्य साधन वर्णलेखन हे आहे. त्यात एखाद्या रेझिनाने भरलेल्या स्तंभातून विद्राव जाऊ देतात. आयन-विनिमय वर्णलेखनात विद्युत् भारानुसार, जलविरोधी वर्णलेखनात रेणूच्या पृष्ठभागाच्या जलविरोधी गुणानुसार आणि आकारमानानुसारी वर्णलेखनात रेणूच्या आकारमानानुसार प्रथिने अलग होतात. १९६८ पासून प्रचारात आलेल्या आसक्ती वर्णलेखनात प्रथिनाला विशिष्टपणे धरणारा रेणू रेझिनाला जोडलेला असतो. १९८० नंतरच्या दशकात प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडीन ॲमिनो अम्लांचे पुच्छ जनुकाद्वारे जोडण्याची युक्ती पुढे आली. हे पुच्छ निकेलाला चिकटते आणि नंतर इमिडाझोलाच्या विद्रावाने सोडविता येते. या पद्धतीने एकाच टप्प्यात प्रथिन बरेच शुद्ध होते. परंतु ई. कोलायमध्ये निसर्गतःच हिस्टिडिनाने समृद्ध असलेली काही प्रथिने आहेत. स्लाय-डी व आर्न-ए ही त्यांपैकी नेहमी आढळणारी होत. ती याच स्तंभाला चिकटतात व मूळ प्रथिनाबरोबरच बाहेर पडतात. प्रथम इमिडाझोलाच्या सौम्य विद्रावाने स्तंभ धुतल्यास त्यांतील बरीचशी निघून जातात. पुच्छ एंझाइमाने तोडून विद्राव पुन्हा त्याच स्तंभातून नेणे, हा अधिक चांगला उपाय आहे. दुसऱ्या खेपेस पुच्छहीन प्रथिन सरळ बाहेर पडते व पूर्वी चिकटलेली परकी प्रथिने पुन्हा चिकटून मागे राहतात. डीएनए-के हे साहाय्यक प्रथिन एटीपी व मॅग्नेशियम यांच्या विद्रावाने धुतल्यास पुष्कळदा सुटून येते, कारण एटीपी मिळाल्यावर आपली पकड सैल करणे हे त्याचे कोशिकेतील नैसर्गिक कार्यच आहे.

अंतर्विषे : वजनाने अत्यल्प पण परिणामाने सर्वांत धोकादायक अशी ही अशुद्धी आहे. रिखार्ट फायफर यांनी १८९२ मध्ये पटकीच्या सूक्ष्मजंतूंवर प्रयोग करताना मृत सूक्ष्मजंतूही प्राण्यांना विषारी ठरतात असे दाखवून या विषाला अंतर्विष हे नाव दिले. ऊर्ध्वपातित पाणी शिरेतून टोचल्यावर येणाऱ्या ज्वराचे मूळ सूक्ष्मजंतूंपासून आलेल्या पदार्थात आहे, असे फ्लॉरेन्स साइबर्ट यांनी १९२३ मध्ये सिद्ध केले. अंतर्विषाचे वैशिष्ट्य असे की, सूक्ष्मजंतू मेल्यानंतरही ते टिकून राहते. १२१° से. तापमानाच्या वाफेने द्रव निर्जंतुक होतो, पण अंतर्विष नष्ट होत नाही. सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही ते पार जाते. काचेची भांडी अंतर्विषमुक्त करण्यासाठी ती २५०° से. तापमानाच्या कोरड्या उष्णतेत सु. अर्धा तास ठेवावी लागतात. प्रथिनाला मात्र अशी उष्णता देणे शक्य नसते.

अंतर्विष ओळखण्यासाठी प्रारंभी सशांना नमुना टोचून त्यांचे तापमान पाहत. अमेरिकेच्या औषधसंहितेत ही चाचणी १९४२ मध्ये समाविष्ट झाली. १९६४ मध्ये जॅक लेव्हिन व फ्रेडरिक बँग यांनी लिम्युलस या नालाकार खेकड्याच्या रक्तकोशिकांचा अर्क अत्यल्प अंतर्विषानेही साकळतो असे दाखविले. (खेकडा म्हटले जात असले, तरी हा प्राणी कोळी व विंचू यांना अधिक जवळचा आहे. त्याच्या जवळच्या जाती भारतात ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळतात.) या शोधावरून तयार झालेल्या चाचणीस १९८० मध्ये अमेरिकेच्या औषधसंहितेत स्थान मिळाले. शिरेतून द्यावयाच्या बहुतेक औषधांसाठी शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ताशी ५ अंतर्विष-एकके ही कमाल मर्यादा धरतात. एक एकक सु. ०·१ नॅनोग्रॅम अंतर्विषाबरोबर असते. या चाचणीसाठी दरवर्षी पुष्कळ प्राणी पकडून त्यांचे रक्त काढावे लागते. म्हणून त्यांच्या रक्तातील फॅक्टर-सी हे संवेदी प्रथिन जनुक-तंत्राने तयार करून त्यावर आधारलेली चाचणी विकसित करण्यात आली व यूरोपीय औषधसंहितेत ती २०२१ पासून लागू झाली.

चाचणीची फसगतही होऊ शकते. कवके किंवा सेल्युलोजाच्या गाळण्या यांतून आलेल्या बीटा-ग्लुकानामुळे खेकड्याच्या रक्ताचा अर्क अंतर्विष नसतानाही साकळतो. उलट काही विद्रावांत अंतर्विष प्रथिनाशी अथवा प्रक्षालकाशी बांधले जाऊन चाचणीपासून झाकले जाते. यासाठी नमुन्यात ज्ञात प्रमाणात अंतर्विष मुद्दाम मिसळून ते चाचणीत पूर्णपणे मोजले जाते की नाही, हे पाहणे आवश्यक असते.

अंतर्विषाच्या रेणूवर तीव्र ऋण भार असतो. त्यामुळे धन भारित रेझिनावर ते अडकते आणि धन भारित प्रथिने सहज पुढे निघून जातात. प्रथिनही ऋण भारित असेल, तर हा मार्ग चालत नाही. अशा वेळी ट्रायटॉन एक्स-११४ हे प्रक्षालक वापरतात. ते ४° से. तापमानास पाण्यात विरघळते, परंतु ३७° से. पर्यंत तापविल्यास वेगळ्या थराच्या रूपाने खाली बसते आणि मेदयुक्त अंतर्विष आपल्याबरोबर नेते. पॉलिमिक्सीन-बी हे प्रतिजैव अंतर्विषाच्या मेद भागाला चिकटते, म्हणून ते रेझिनाला जोडून वापरतात. मात्र ते स्वतः मूत्रपिंडांना व तंत्रिकांना अपायकारक आहे. त्याचे स्तंभातून सुटलेले रेणू काय किंवा उरलेले प्रक्षालक काय, अशुद्धी काढण्यासाठी वापरलेला पदार्थच नवी अशुद्धी बनू शकतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्यानंतर त्या टप्प्याच्या साधनांचीही चाचणी करावी लागते.

संशोधनावर होणारे परिणाम : अशुद्धीमुळे केवळ रुग्णालाच धोका पोहोचतो असे नाही, चुकीचे सिद्धांतही रूढ होतात. २००० च्या सुमारास ई. कोलायमध्ये तयार केलेले एचएसपी-६० हे मानवी उष्माघात-प्रथिन प्रतिकारक्षम कोशिकांना उद्दीपित करते, असे प्रसिद्ध झाले. जखमी कोशिकांतून बाहेर पडलेले हे प्रथिन शरीराला धोक्याची सूचना देत असावे, अशी आकर्षक कल्पना त्यावरून मांडली गेली. परंतु ज्या ग्राही रेणूमार्फत (टोल-सदृश ग्राही-४) हे उद्दीपन होते, तोच अंतर्विषाचा ग्राही असल्याचे १९९८ मध्येच ज्ञात झाले होते. २००२-०३ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी अंतर्विष काळजीपूर्वक काढून टाकलेले नमुने वापरले, तेव्हा अपेक्षित उद्दीपन दिसले नाही. आधी प्रथिनाच्या नावावर जमा झालेला परिणाम बव्हंशी अंतर्विषाचा होता. अशा प्रयोगात जनुकरहित सूक्ष्मजंतूंपासून त्याच रीतीने तयार केलेला तुलना-नमुना बरोबर तपासणे इष्ट असते.

दुसरे उदाहरण स्फटिकविज्ञानातील आहे. ई. कोलायच्या पटलातील एक्र-बी हे प्रथिन निकेलाच्या स्तंभाला आपणहून चिकटते आणि अत्यल्प प्रमाणातही त्याचे सुबक स्फटिक होतात. दुसऱ्याच एखाद्या पटल-प्रथिनाचे स्फटिक मिळाले, असे समजून संशोधकांनी क्ष-किरणांनी रचना तपासावी आणि ती एक्र-बीची निघावी, असे अनेक प्रयोगशाळांत घडले आहे. जो पदार्थ जेलवर जेमतेम दिसत होता, तोच स्फटिकात एकटा उरला.

शुद्धतेचा निर्णय : शेकडेवारीत सांगितलेली शुद्धता दिशाभूल करू शकते. याचे गंभीर उदाहरण प्रथिनाचे नसून सूक्ष्मजंतुनिर्मित ट्रिप्टोफेन या ॲमिनो अम्लाचे आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत हे अम्ल पूरक आहार म्हणून घेणाऱ्यांत इओसिनोफिल या रक्तकोशिकांची वाढ व तीव्र स्नायुवेदना ही लक्षणे असलेल्या रोगाची साथ उद्‌भवली. दीड हजारांहून अधिक लोकांना बाधा झाली व तिसांहून अधिक मृत्युमुखी पडले. रुग्णांनी घेतलेला माल एकाच उत्पादकाकडून आलेला होता आणि तो ९८ टक्क्यांहून अधिक शुद्ध होता. त्यात अनेक सूक्ष्म अशुद्धी आढळल्या. त्यांतील नेमकी कोणती रोगास कारणीभूत झाली, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. त्या उत्पादकाने त्याच सुमारास सूक्ष्मजंतूचा वाण बदलला होता व शुद्धीकरणासाठी वापरावयाच्या कोळशाचे प्रमाणही घटविले होते.

यावरून औषधी प्रथिनांच्या नियमनात दोन तत्त्वे दृढ झाली. पहिले असे की, अंतिम नमुन्याची तपासणी पुरेशी नसते. सूक्ष्मजंतूच्या वाणापासून शेवटच्या गाळणीपर्यंत सर्व प्रक्रिया निश्चित असावी लागते व तीत केलेला लहानसा बदलही नव्याने पारखावा लागतो. दुसरे असे की, भिन्न तत्त्वांवरील अनेक चाचण्या एकत्र वाचूनच शुद्धतेचा निर्णय करावा लागतो. एखादी अशुद्धी ‘आढळली नाही’ याचा अर्थ वापरलेल्या चाचणीच्या मर्यादेत ती आढळली नाही, एवढाच असतो. त्यामुळे चाचणीची ही मर्यादा निष्कर्षाबरोबर नमूद करणे आवश्यक मानले जाते.